तीनचाकी बाबागाडी घ्यायचीय? खडीचा रस्ता, बाभळीचे काटे आणि खिसा बघून अशी निवडा

वस्तीवरून गाव दीड किलोमीटर. निम्मा रस्ता डांबरी, निम्मा खडीचा. कडेवर दहा महिन्यांचं लेकरू, दुसऱ्या हातात पिशवी. कधी लसीकरणाला उपकेंद्रात, कधी मोठ्या मुलाला सोडायला अंगणवाडीत, कधी बाजाराला. या वयाचं लेकरू साडेआठ-नऊ किलोचं असतं. जाऊन-येऊन तीन किलोमीटर एवढं ओझं एकाच कुशीवर घेतलं, की संध्याकाळी कंबर बोलायला लागते. सिझेरियन झालेल्या बाईला तर हा त्रास जास्तच.

बाबागाडी म्हणजे शहरातली चैन, असा समज गावात अजून आहे. पण रोजचं चालणं खरं तर गावातच जास्त असतं. अडचण वेगळीच आहे. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त गाड्या मॉलच्या फरशीसाठी बनवलेल्या असतात. त्यांची छोटी चाकं खडीवर अडकतात आणि दोन महिन्यांत गाडी माळ्यावर जाते. पैसे वाया जातात, पुन्हा लेकरू कडेवर येतं. म्हणून घेण्याआधी काय बघायचं, कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, याची ही माहिती.

तीन चाकं कशाला?

तीन पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तीनचाकी गाडीचं तसंच आहे. जमीन वर-खाली असली तरी तिन्ही चाकं टेकलेली राहतात. चारचाकीत एखादं चाक अधांतरी राहतं आणि गाडी हिसके खाते. शिवाय पुढे एकच चाक असल्याने वळवायला सोपं जातं. गतिरोधक आला की हँडल थोडं खाली दाबायचं, पुढचं चाक उचललं जातं.

पण तोटाही समजून घ्या. पुढे एकच चाक असल्याने ही गाडी आडव्या उतारावर किंवा जोरात वळवताना कलंडू शकते. मागच्या दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी गाडी स्थिर. म्हणून अरुंद तीनचाकी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

ही गाडी आली कुठून?

सहज घडी होणारी हलकी बाबागाडी ओवेन मॅक्लॅरेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने १९६५ मध्ये बनवली. तीनचाकी प्रकार नंतर आला. अमेरिकेतल्या याकिमा गावात फिल बेकलर यांना लहान मुलाला सोबत घेऊन पळायला जायचं होतं. साध्या गाडीची चाकं कच्च्या रस्त्यावर चालेनात, म्हणून १९८४ मध्ये त्यांनी गाडीला सायकलची चाकं बसवली. म्हणजे ही गाडी मुळातच खराब रस्त्यासाठी जन्माला आली. गावच्या रस्त्यावर ती चालते, ती याच कारणाने.

आधी चाक बघा, रंग नंतर

गाडीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर चाकाचा आकार. समोर एक इंच उंचीचा दगड आला, तर ६ इंची चाकापेक्षा १२ इंची चाक त्यावरून चढवायला सुमारे ४० टक्के कमी जोर लागतो. बैलगाडीचं चाक मोठं असण्यामागे हेच गणित आहे.

- ५ ते ६ इंची चाकं: घर, अंगण, सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक एवढ्यापुरती. खडीवर निरुपयोगी.
- ८ ते १० इंची चाकं: डांबरी रस्ता आणि थोडाफार खराब पट्टा असेल तर चालतात.
- १२ इंच आणि वर: खडी, मुरूम, पाणंद रस्ता, शेताची वाट. रोजचा रस्ता असा असेल तर हीच घ्या.

पुढचं चाक मागच्यापेक्षा थोडं लहान असलं तरी चालतं, पण फार लहान नको. कारण दगडाला आधी तेच भिडतं.

हवेचं चाक की भरीव?

हवेचं चाक मऊ चालतं, लेकराला हिसके कमी बसतात. पण आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत. बांधावरून, ओढ्याकाठून जाणारी वाट असेल तर पंक्चर ठरलेलं. भरीव फोमच्या चाकाला काटा टोचला तरी काही होत नाही, मात्र ते थोडं कडक चालतं.

हवेचं चाक घ्यायचं ठरलं, तर टायरवर छापलेला आकार वाचा. बऱ्याच गाड्यांना साडेबारा इंच बाय सव्वादोन इंच हा आकार असतो. लहान मुलांच्या सायकलला हाच टायर लागतो, त्यामुळे ट्यूब आणि पंक्चर दोन्हीची सोय गावातल्या सायकल दुकानात होते. वेगळाच आकार असेल तर ट्यूबसाठी ऑनलाइन शोधाशोध करावी लागते. हवा किती भरायची तेही टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. कॉम्प्रेसरने भरताना जपून, छोटी ट्यूब पटकन फुटते.

थोडक्यात, काटेरी वाट असेल तर भरीव, आणि नुसतीच खडी असेल तर हवेचं.

पुढचं चाक लॉक होतं का?

तीनचाकीचं पुढचं चाक दोन प्रकारचं असतं. एक गरगर फिरणारं, दुसरं सरळ बसवलेलं. फिरणारं चाक बाजारात, गर्दीत, घरात सोपं जातं. पण खडीवर तेच चाक थरथरतं, आडवं होतं आणि गाडी अचानक थांबते. म्हणून फिरणारं असूनही खटका दाबून सरळ लॉक करता येईल असं चाक सगळ्यात उपयोगाचं. खराब पट्टा आला की लॉक, गावात शिरलं की मोकळं.

काही गाड्यांचं पुढचं चाक गाडी ठेवायला सोपं जावं म्हणून काढता येतं. इथे सावध राहा. परत बसवताना नीट कसलं गेलं नाही तर चालता चालता चाक निखळतं आणि लेकरू तोंडावर पडतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ मध्ये अशाच चाकावरून एका मोठ्या कंपनीविरुद्ध कारवाई केली होती. रोज निघताना पुढचा भाग उचलून चाक एकदा हाताने ओढून बघा. पाच सेकंदांचं काम आहे.

या चार गोष्टींत काटकसर नको

१. पट्टा. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा हवा. नुसता कमरेचा पट्टा असेल तर लेकरू खाली सरकतं किंवा उभं राहायला बघतं. घरापासून शेजारच्या दारापर्यंत जायचं असलं तरी पट्टा लावायचाच.

२. ब्रेक. पायाने एकदा दाबला की मागची दोन्ही चाकं धरून ठेवणारा ब्रेक हवा. उताराची वस्ती असेल तर हँडलवरचा हातब्रेकही असलेली गाडी मिळते का बघा. हँडलला मनगटात अडकवायची दोरी असते, ती उतारावर जरूर वापरा. हात सुटला तर गाडी गटारात किंवा रस्त्यावर जायला दोन क्षण पुरतात.

३. घडीचं कुलूप. गाडी उघडल्यावर 'खट्' आवाज येऊन सांगाडा घट्ट बसला पाहिजे. शक्यतो दोन कुलपं असलेली गाडी घ्या, म्हणजे एक सुटलं तरी गाडी लेकरासकट मिटणार नाही.

४. बिजागरी. घडीच्या सांध्यात लहान बोटं सापडतात. २००९ मध्ये अमेरिकेत एका नामांकित कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची आवरणं द्यावी लागली होती. १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या नोंदी झाल्यावर हे घडलं. सांधे झाकलेले आहेत का बघा. आणि गाडी उघडताना-मिटताना लेकरू हाताच्या अंतरावर नको, लांबच हवं.

इथे पैसे वाचवा

कप ठेवायची जागा, मोबाईलचा कप्पा, खेळण्यांची दांडी, चकचकीत कापड, मोठ्या नावाचं लेबल. यातल्या कशानेही गाडी खडीवर चांगली चालत नाही. हजार-पाचशे रुपये जास्त द्यायचेच असतील तर ते चाकासाठी आणि ब्रेकसाठी द्या.

लेकरू किती मोठं आहे?

हा मुद्दा अनेकजण विसरतात. तीनचाकी गाडीची बैठक बहुतेक वेळा उभट असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची मान अजून पुरेशी भक्कम नसते. उभट बैठकीत त्याची मान पुढे पडते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो. म्हणून इतक्या लहान बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच हवी. तशी नसेल तर सहा महिने थांबा. तोवर बाळ अंगाशी धरणंच बरं, फक्त तोंड-नाक मोकळं राहील याकडे लक्ष असू द्या.

मोठं बाळही गाडीत झोपलं तर घरी आल्यावर त्याला उचलून सपाट अंथरुणावर ठेवा. गाडीत तासन्‌तास झोपू देऊ नका. आणि बाळ गाडीत असताना पळू नका, नुसतं चाला.

वजनाची मर्यादा गाडीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेली असते. ती अनेक गाड्यांना १५ किलो असते. दोन वर्षांचं मूल साधारण साडेअकरा-बारा किलोचं असतं, म्हणजे गाडी तीन वर्षांपर्यंत आरामात पुरते. पण दोन मुलांना एकाच गाडीत बसवू नका.

एसटी, वडाप आणि घराचं दार

मोठ्या चाकांची तीनचाकी जड असते. साधी छत्रीसारखी मिटणारी गाडी ५ ते ७ किलोची, तर मोठ्या चाकांची तीनचाकी ९ ते १३ किलोची भरते. रोज एसटीने किंवा वडापने जायचं असेल तर एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात १२ किलोची गाडी हे जमणार नाही. अशा घराला मधल्या आकाराची, हलकी गाडी बरी.

गाडी घ्यायला निघण्याआधी घराच्या दाराची रुंदी मोजून घ्या. मोठ्या तीनचाकीची मागची बाजू ५५ ते ६५ सेंटिमीटर रुंद असते. जुन्या घरांची दारं अरुंद असतात, उंबरा उंच असतो. गाडी रोज बाहेर अंगणात ठेवावी लागली तर पावसात गंज धरणार, हे लक्षात ठेवा.

दुकानात गेल्यावर हे करा

किराणा दुकानातून १० किलो आट्याची पिशवी सोबत न्या. रिकामी गाडी कुठलीही छान चालते, खरं वजन टाकल्यावरच कळतं.

- पिशवी गाडीत ठेवून पट्टा बांधा आणि दुकानाबाहेर रस्त्यावर चालवून बघा.
- एका हाताने ढकलून बघा. गाडी सरळ जाते की एका बाजूला ओढते?
- पायरीवर किंवा गतिरोधकावर चढवून बघा.
- उतारावर ब्रेक लावून सोडा. जरा सुद्धा सरकली तर नको.
- पिशवी काढून गाडी स्वतः तीन वेळा मिटवा, उघडा. दुकानदाराने मिटवलेली बघून उपयोग नाही.
- हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. चालताना पाय मागच्या दांडीला लागतो का तेही बघा.
- घरात गाडी कोण ढकलणार आहे? आजी ढकलणार असेल तर आजीलाच दुकानात न्या.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न साधे आहेत. "दादा, पुढचं चाक लॉक होतं का? चाक मोडलं तर सुटं मिळेल का? पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड देणार का?" या तिन्हींना गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. गाडीवर 'ईएन १८८८' असं लिहिलेलं असेल तर ते बाबागाड्यांसाठीचं युरोपचं सुरक्षा मानक आहे. ते छापलेलं असलं तरी वरच्या तपासण्या करायच्याच.

ढकलायची तीनचाकी सायकल ही बाबागाडी नाही

बाजारात मागे लांब दांडी असलेली लहान मुलांची तीनचाकी सायकल मिळते. ती बरीच स्वस्त असते आणि 'टू इन वन' म्हणून विकली जाते. अंगणात खेळायला ती छान. पण तिची चाकं प्लॅस्टिकची, बैठक ताठ आणि पट्टा बहुधा नावापुरता. दीड किलोमीटर खडीच्या रस्त्यासाठी ती नाही, आणि नीट बसता न येणाऱ्या बाळासाठी तर नाहीच. घेतलीच तर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांवर ही खूण सक्तीची आहे.

तसंच बाळाला उभं करून पळवणारा चाकांचा वॉकर हीही वेगळी वस्तू. त्याच्यामुळे मुलं पायऱ्यांवरून पडतात, म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. 'चालायला शिकेल' म्हणून वॉकरवर पैसे घालवू नका.

जुनी गाडी घ्यावी का?

खिशाला परवडणारा सगळ्यात चांगला मार्ग हाच आहे. शहरात राहणाऱ्या नातेवाइकांकडे जेमतेम वापरलेली गाडी धूळ खात पडलेली असते. आधी तिथे विचारा. विकत घेत असाल तर उजेडात तपासा. सांगाड्याला तडा किंवा वेल्डिंग केलेलं असेल तर घेऊ नका. चाक हाताने हलवून बघा, डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलेलं आहे. पट्ट्याचं बक्कल तीन-चार वेळा लावून ओढा. टायरला बारीक भेगा असतील तर नव्या टायर-ट्यूबचा खर्च किमतीतून वजा करा. कापड मळलेलं असेल तर ते धुता येतं, पण कुलूप सैल झालं असेल तर गाडी सोडून द्या.

ऑनलाइन मागवताना

फोटोत चाक मोठं दिसतं म्हणून फसू नका. चाकाचा आकार, गाडीचं वजन, मिटल्यावरची लांबी हे आकडे वाचा. एक-दोन स्टार दिलेल्या लोकांनी काय लिहिलंय ते आधी वाचा. परत करायची मुदत किती दिवसांची, हे बघून मगच ऑर्डर द्या. खोकं उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा, कमी-जास्त निघालं तर तोच पुरावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर "१०,००० ची गाडी ९९९ ला" अशी लिंक आली तर पैसे आधी भरू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकं बरं. वस्तू खराब निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही. बिल मात्र जपून ठेवलेलं पाहिजे.

रस्त्यावर उतरल्यावर

- फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.
- बाबागाडी आपल्या पुढे असते, हे विसरू नका. वळणावर वाहन बघायला गाडी पुढे ढकलू नका. आधी स्वतः पुढे होऊन बघा. ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या रस्त्याला तर फारच जपून.
- हँडलला जड पिशवी लटकवू नका. मूल उचललं की गाडी मागे उलटते, आणि मूल आत असताना उलटली तर डोकं आपटतं. सामान खालच्या जाळीत ठेवा.
- पदर, ओढणी खोचून घ्या. चाकात अडकली तर आई आणि गाडी दोन्ही पडतात.
- उन्हासाठी गाडीवर ओढणी पांघरू नका. आत हवा कोंडते आणि बाळ तापतं. छत्री उघडा, पण समोरची बाजू मोकळी ठेवा. उन्हाळ्यात ११ ते ४ बाहेर पडणं टाळा. उन्हात उभ्या गाडीचं बक्कल चटका देतं, आधी हात लावून बघा.
- अंधार पडायच्या आत घरी या. गाडीच्या मागे चमकणारी पट्टी चिकटवा, ती ऑटोपार्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळते.

देखभाल

चिखल वाळायच्या आत पुसा. आठवड्यातून एकदा नट-बोल्ट, ब्रेक, हवा बघा. चाकाच्या आसात थोडं तेल सोडून जादा तेल पुसून घ्या, नाहीतर धूळ चिकटते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर बऱ्याच तीनचाक्यांना पुढच्या चाकाजवळ सरळ करायचा स्क्रू असतो. पुस्तिका बघून तो थोडा फिरवा.

मग घ्यायची का?

हिशेब साधा आहे. समजा गाडी ७,००० ला पडली आणि दोन वर्षं जवळपास रोज वापरली, तर दिवसाला १० रुपये पडतात. नंतर विकली तर काही पैसे परतही येतात. पण महिन्यातून दोनदाच वापरणार असाल तर तेवढ्यासाठी गाडी घेऊ नका, कडेवरचं लेकरू आणि शेजारची मागून आणलेली गाडी पुरे.

रोजचा रस्ता सिमेंट-डांबरी आणि एसटीचा प्रवास जास्त असेल तर हलकी चारचाकी घ्या. खडी-मुरूम आणि पायीच जाणं असेल तर १२ इंची चाकांची, पुढचं चाक लॉक होणारी तीनचाकी घ्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर थांबा. नवीन परवडत नसेल तर चांगली तपासलेली जुनी घ्या, पण छोट्या चाकांची नवीकोरी गाडी खडीच्या रस्त्यासाठी घेऊ नका.

आणि एक गोष्ट. पोर चालायला लागलं की त्याला चालू द्या. जाताना गाडीत, येताना थोडं पायी. गाडी आईच्या कंबरेसाठी आहे, पोराचे पाय बांधून ठेवण्यासाठी नाही.